शब्दांचे शिवार : भूगोल व भूमितीतील शब्दांचे वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

राज्यकारभाराची मराठी लक्षपूर्वक ऐकली, तर तिच्यात जमिनीचे आणि आकृतींचे शब्द किती आहेत याचे नवल वाटते. क्षेत्र, मंडळ, केंद्र, पातळी, स्तर, सीमा, रेषा, बिंदू, दिशा, टोक, ओघ, तळ हे शब्द बाजूला ठेवले, तर एखादे परिपत्रक लिहिणे किंवा ग्रामसभेपुढे ठराव मांडणे अवघड होईल. मंडळ अधिकाऱ्यांचे मंडळ वर्तुळाकार नसते, केंद्रप्रमुखांचे केंद्र नकाशावर मोजून मध्यभागी घेतलेले नसते आणि ‘तालुका पातळी’ पाण्याच्या पातळीप्रमाणे पट्टी लावून मोजता येत नाही. तरीही यांतील बहुतेक शब्द मुळात डोळ्यांना दिसणाऱ्या, पायांनी तुडविता येणाऱ्या किंवा दोरीने मोजता येणाऱ्या वस्तूंची नावे होते.

शब्दाने मूळ वस्तू सोडून दुसऱ्या अर्थाकडे जाणे हा भाषेचा दोष नव्हे. ती भाषेची वाढ होय. मात्र ज्यांच्या शब्दांवरून पाणी सुटते, धान्य मिळते, घर बांधण्यास परवानगी मिळते किंवा नाकारली जाते, त्यांनी आपण कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरीत आहोत, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. नाशिक जिल्ह्यातील काही उदाहरणांच्या आधारे या विषयाचा परिचय करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

गंगेवरची वस्ती

शब्दाचा सरळ, कोशात प्रथम दिलेला अर्थ म्हणजे वाच्यार्थ. तो सांगणाऱ्या शक्तीला आपल्या साहित्यशास्त्रात ‘अभिधा’ म्हणतात. वाच्यार्थ जुळत नसेल तेव्हा त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो. तो लक्ष्यार्थ, आणि तो सांगणारी शक्ती ‘लक्षणा’. लक्षणा समजावून सांगण्यासाठी शास्त्रकारांनी शतकानुशतके एकच उदाहरण वापरले आहे, आणि ते भूगोलातले आहे : गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. गंगा म्हणजे पाण्याचा प्रवाह. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही. म्हणून ‘गंगा’ या शब्दाचा अर्थ ‘गंगेचा काठ’ असा घ्यावयाचा. मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत. मूळ अर्थ जुळत नसला पाहिजे, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी संबंध असला पाहिजे, आणि तसे बोलण्यामागे रूढी किंवा काही हेतू असला पाहिजे.

नाशिककरांना हे उदाहरण मुद्दाम समजावून द्यावे लागत नाही. गोदावरीला ते गंगाच म्हणतात. बुधवारचा बाजार ‘गंगेवर’ भरतो, संध्याकाळी माणसे ‘गंगेवर’ फिरावयास जातात. येथे गंगा म्हणजे काठ, हे लहान मुलालाही कळते. परंतु सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला महापूर आला, तेव्हा काठावरची दुकाने आणि घरे पाण्यात गेली. शास्त्रकारांनी जे अशक्य मानले होते, तेच प्रत्यक्ष घडले. प्रवाहावर वस्ती दिसू लागली. नदीचा काठ म्हणजे नदी नव्हे, असे आपण रूढीने धरून चालतो. नदी मात्र ते धरून चालत नाही. लक्ष्यार्थ वापरताना वाच्यार्थ विसरला, तर निसर्ग त्याची आठवण करून देतो, हा या घटनेचा भाषिक धडा म्हणता येईल.

देहापासून आकृतीकडे

भूमितीचे शब्द अगदी काटेकोर असतात, त्यांत अलंकाराला जागा नाही, असा आपला समज असतो. वास्तविक हे शास्त्रीय शब्दच मुळात लाक्षणिक आहेत. त्रिकोणाची ‘भुजा’ म्हणजे हात. काटकोन त्रिकोणाचा ‘कर्ण’ म्हणजे कान. वर्तुळाचा ‘चाप’ म्हणजे धनुष्य आणि त्याची ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणजे धनुष्याची दोरी. ‘परिघ’ म्हणजे दाराला आतून लावावयाचा अडसर. आज शाळेत शिकविला जाणारा ‘साइन’ हा शब्दही या धनुष्याच्या दोरीचाच दूरचा वंशज आहे. संस्कृतातील ‘जीवा’ अरबी ग्रंथांत गेली, तेथे तिचे लिखित रूप वस्त्राची घडी किंवा खिसा या अर्थाच्या शब्दासारखे वाचले गेले आणि लॅटिन भाषांतरकारांनी त्या अर्थाचा ‘साइनस’ हा शब्द योजला. उलट ‘केंद्र’ हा शब्द ग्रीकांकडून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ टोचणारे अणकुचीदार टोक असा आहे. कंपासाचे टोक कागदात रुतते तो बिंदू म्हणजे केंद्र. केंद्र शासनापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सर्व केंद्रांच्या मुळाशी हे टोक आहे.

या शास्त्राची परंपरा उत्तर महाराष्ट्राला जवळची आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’ लिहिली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. कर्ण आणि भुजा हे शब्द या परिसरातील विद्यार्थ्यांनी आठशे वर्षांपूर्वीच गिरविले होते.

दिशांचीही गोष्ट अशीच आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या देहावरून दिशांना नावे मिळाली. पूर्व म्हणजे समोरची आणि म्हणून आधीची, पश्चिम म्हणजे पाठीमागची, दक्षिण म्हणजे उजव्या हाताची. त्यामुळेच पूज्य वस्तू उजव्या हाताला ठेवून फिरणे ही ‘प्रदक्षिणा’ ठरली. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करणारे हजारो यात्रेकरू हा शब्द वाच्यार्थाने चालत असतात. ‘योजनेला दिशा देणे’ असे लिहिताना तोच शब्द लक्ष्यार्थाने वापरला जातो. पण दिशा सांगावयाची तर कोण कोठे उभे राहून पाहतो आहे, हे आधी ठरवावे लागते, एवढी गोष्ट मूळ अर्थातून ध्यानात घेण्यासारखी आहे.

रेषेला रुंदी नसते

भूमितीच्या पहिल्याच पाठात रेषेला लांबी असते, रुंदी नसते, असे शिकविले जाते. कागदावर हे सहज पटते. जमिनीवर आणि माणसांमध्ये ही रेषा ओढली जाते, तेव्हा मात्र प्रश्न उभे राहतात.

सर्वांत प्रसिद्ध रेषा नाशिकच्या पंचवटीशी जोडलेली आहे. लक्ष्मणरेषेची कथा वाल्मीकी रामायणात नाही, ती नंतरच्या परंपरेतून आली. तरीही ओलांडू नये अशा मर्यादेसाठी मराठीत याहून समर्थ शब्द नाही. या रेषेचा हेतू संरक्षणाचा होता, हे विसरता कामा नये. रेषेच्या आत जो आहे त्याचे रक्षण व्हावे, यासाठी ती ओढली गेली.

‘दारिद्र्यरेषा’ या शब्दाचा विचार याच कसोटीवर करता येईल. या संकल्पनेच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च हा त्यांनी आधार धरला होता. पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ साठी ग्रामीण भागाची अखिल भारतीय रेषा दरडोई दरमहा ८१६ रुपये खर्चावर आली. ही रेषा मोजणीसाठी होती. देशात गरीब किती, हे अंदाजण्याचे ते साधन होते. तशा मोजणीत दोन रुपयांच्या फरकाने फारसे बिघडत नाही. परंतु ‘रेषेखालील कुटुंबांची यादी’ करावयास घेतली की मोजणीचे साधन भिंतीचे काम करू लागते. २००२ च्या सर्वेक्षणात १३ निकषांवर एकूण ५२ पैकी गुण देण्यात आले होते. ज्या ग्रामपंचायत सदस्यांनी त्या याद्यांचे वाचन ग्रामसभेत ऐकले, त्यांना एका गुणाने यादीबाहेर राहिलेल्या कुटुंबाचा चेहरा आठवत असेल. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या त्या दोन घरांच्या चुलीत काही फरक नसतो. फरक फक्त रेषेने केलेला असतो. १ मे १९९९ पासून राज्यात पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमानंतर ‘अंत्योदय’ आणि ‘प्राधान्य कुटुंब’ हे शब्द रूढ झाले. शब्द बदलले तरी सीमेवरच्या घराचा प्रश्न राहतोच. म्हणून अशा घराकडे यादीपलीकडे जाऊन पाहणे, त्याचे अपील समजून घेणे, हे काम माणसालाच करावे लागते. रेषेला रुंदी नसते. ती रुंदी कार्यकर्त्याच्या समजुतीने द्यावयाची असते.

‘पूररेषा’ हा शब्द याच्या उलट बाजूचा आहे. दारिद्र्यरेषा लाक्षणिक आहे, ती कोठेही आखलेली दिसत नाही. पूररेषा मात्र नकाशावर आणि जमिनीवर दाखविता येते. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखविली जाते. नदीपात्र व निळी रेषा यांमधील भाग निषिद्ध क्षेत्र, तर निळी व लाल रेषा यांमधील भाग नियंत्रित क्षेत्र मानला जातो. येथे रेषा खरी आहे, परंतु ‘२५ वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत. एकदा पूर आला की पुढची २५ वर्षे निर्धास्त, असा त्यांचा अर्थ अनेक जण करतात. गणिताच्या भाषेत त्यांचा अर्थ एवढाच, की तसा पूर येण्याची शक्यता प्रत्येक वर्षी शंभरात चार इतकी असते. लाल रेषेपर्यंतच्या पुराच्या बाबतीत ती शंभरात एक असते. नाशिकने २००८ नंतर २०१६ आणि २०१९ मध्येही गोदावरीचे मोठे पूर पाहिले. हा हिशेब शाळेतल्या मुलांना समजला, तर घराघरांत समजेल.

रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही नाशिककरांची जुनी पूररेषा होय. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, अशा शब्दांत पिढ्यान्‌पिढ्या पुराचे मोजमाप होत आले आहे. नकाशावरची रेषा सर्वांना वाचता येत नाही. देहाच्या भाषेतली रेषा निरक्षर माणसालाही कळते. ‘पाणी गळ्याशी येणे’ हा वाक्प्रचार मराठीने संकटासाठी घेतला आहे. येथे तो अक्षरशः खरा होतो.

छाया आणि घाट

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आहेत. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे गेले, की सिन्नर, येवला, नांदगाव या भागांत तो पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. डोंगराने ढग अडविल्यामुळे पलीकडे जो कोरडा पट्टा राहतो, त्याला भूगोलात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणतात. मराठी मनात छाया हा शब्द मायेचा आहे. वडीलधाऱ्यांची छाया असते, छत्रछाया असते, उन्हातून आलेल्याला झाडाची छाया हवीशी वाटते. त्यामुळे पर्जन्यछाया म्हणजे पावसाची कृपा, असा अर्थ एखादा विद्यार्थी करील तर तो हसण्यावारी नेऊ नये. शब्दाने त्याला तसे वाटावयास लावले आहे. ‘ही पावसाची सावली नाही, पाऊस न पोचल्यामुळे पडलेली डोंगराची सावली आहे’ एवढे एक वाक्य शिक्षकाने सांगितले, की मुलाला अर्थही कळेल आणि आपल्या गावच्या विहिरी उन्हाळ्यात का आटतात, हेही कळेल.

जास्त पावसाचा भाग सुखी असतो, असेही समजू नये. सह्याद्रीच्या कठीण काळ्या खडकात पाणी फारसे मुरत नाही. ते उतारावरून वाहून जाते. म्हणून पावसाळ्यात धुवांधार पाऊस झेलणाऱ्या पश्चिमेकडील पाड्यांवरही उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. विकासाचे लाभ ‘झिरपत’ तळापर्यंत जातात, असे म्हटले जाते, तेव्हा हा खडक आठवावा. झिरपणे आपोआप होत नाही. त्यासाठी उतारावर चर खणावे लागतात, बांध घालावे लागतात, पाणी अडवावे लागते.

‘घाट’ हा शब्द तर नाशिकच्या दोन्ही टोकांना उभा आहे. मुंबईहून येताना कसारा घाट किंवा थळ घाट लागतो. १८६५ मध्ये या घाटातून लोहमार्ग सुरू झाला. शहरात आल्यावर गोदाघाट लागतो. पहिला डोंगर उतरण्याची वाट, दुसरा नदीत उतरण्याच्या पायऱ्या. उतरणे हा दोहोंतील समान धागा. पुढे ‘घाट घालणे’ म्हणजे बेत आखणे, भांड्याचा ‘घाट’ म्हणजे त्याची घडण, अशीही या शब्दाची रूपे दिसतात. परंतु त्यापासूनच मुंबईत ‘घाटी’ हा हिणवणीचा शब्दही तयार झाला. घाट चढून पलीकडे असलेल्या मुलखातून पोट भरण्यासाठी आलेला माणूस एवढाच ज्याचा मूळ अर्थ, तो शब्द माणसाला कमी लेखण्यासाठी वापरला जाऊ लागला. भौगोलिक शब्द सामाजिक उतरंड कशी निर्माण करतात, याचे हे उदाहरण आहे. वर्गात असा शब्द कानावर आल्यास त्याचा मूळ अर्थ समजावून सांगणे, हाही शिक्षणाचाच भाग होय.

वरचे, खालचे आणि टोकाचे

उतरंडीचा हा विचार पाण्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा ठरतो. ब्रह्मगिरीवर उगम पावून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे आहेत, तर खालच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण आहे. ‘वरचे’ आणि ‘खालचे’ हे येथे निव्वळ भौगोलिक शब्द आहेत. समुद्रसपाटीपासूनची उंची एवढाच त्यांचा अर्थ. परंतु आपल्या समाजात वरचा म्हणजे श्रेष्ठ आणि खालचा म्हणजे कनिष्ठ ही लक्षणा इतकी रुजली आहे, की उंचीवर असणे म्हणजे पाण्यावर पहिला हक्क असणे, असे नकळत मानले जाते. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने तुटीच्या वर्षी खोऱ्यातील धरणांमध्ये पाण्याचे समन्यायी वाटप करण्याचे तत्त्व स्वीकारले. या तत्त्वाच्या अंमलबजावणीबाबत दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची मते तीव्र आहेत, आणि दोघांचीही तहान खरी आहे. मात्र चर्चा करताना वर आणि खाली हे शब्द उंचीपुरतेच ठेवले, तर चर्चा अधिक समंजस होईल.

कालव्यालाही असेच मुख आणि शेपूट असते. शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी शेवटी मिळते आणि पुष्कळदा मिळतही नाही. जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर ओझर येथील शेवटच्या भागातील शेतकऱ्यांनी १९९० नंतरच्या काळात समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यावे आणि संस्थेने ते सभासदांना वाटावे, हा त्यांचा मार्ग होता. पुढे सर्व प्रकल्पावर अशा संस्था झाल्या आणि त्यांच्या संघाने व्यवस्थापन हाती घेतले. या प्रकारच्या व्यवस्थेला २००५ मध्ये स्वतंत्र अधिनियमाचा आधार मिळाला. ‘शेवटच्या टोकापर्यंत लाभ पोचविणे’ हे वाक्य भाषणांत आपण नेहमी ऐकतो. ओझरच्या शेतकऱ्यांच्या बाबतीत ‘शेवटचे टोक’ हे चारीचे टोक होते, आणि तेथे पाणी पोचले की नाही, हे पाण्यात पाय बुडवून पाहता येत होते. लाक्षणिक शब्दाची खरी परीक्षा अशी घेता येते.

‘तळागाळातील माणूस’ या शब्दप्रयोगाचेही असेच आहे. तळाला बसलेला गाळ म्हणजे टाकाऊ, असा भाव त्यात आला आहे. परंतु गाळ धरणात राहिला तर साठा कमी करतो, आणि तोच शेतात टाकला तर जमीन सुपीक करतो. २०१७ पासून राबविलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचे नावच हे सांगते. एकच वस्तू जागा बदलली की भार ठरते किंवा धन ठरते. ज्यांना आपण तळागाळातले म्हणतो, त्यांच्याविषयीही हा विचार करून पाहावा.

शाळेत आणि ग्रामसभेत

या विवेचनातून काही व्यवहार्य गोष्टी सुचविता येतील. शिक्षकांनी भूगोल, भूमिती आणि मराठी या तीन विषयांची एकत्र गाठ घालणारा एखादा तास घ्यावा. सीमा, पातळी, उगम, ओघ, कोन, रेषा, केंद्र असे दहा शब्द फळ्यावर लिहावे. प्रत्येक शब्दाचे एक वाक्य वाच्यार्थाने आणि एक लक्ष्यार्थाने मुलांकडून करवून घ्यावे. नंतर वर्ग गावाबाहेर न्यावा आणि यांतील कोणते शब्द डोळ्यांनी दाखविता येतात, ते मुलांना शोधू द्यावे. ‘शीव’ हा शब्द ‘सीमा’ या शब्दापासून आला, हे शिवेवर उभे राहून सांगितले की कायम लक्षात राहते. दसऱ्याचे सीमोल्लंघन आणि ‘अब्रू वेशीवर टांगणे’ यांचा अर्थही तेथेच उलगडतो. ‘खोऱ्याने पैसा ओढणे’ यातील खोरे नदीचे नसून माती ओढण्याचे अवजार आहे, अशा गमतीही मुलांना आवडतील.

पंचायत सदस्यांनी आराखडा तयार करताना ‘दुर्गम भाग’, ‘वंचित क्षेत्र’, ‘शेवटचा घटक’ असे शब्द आले की त्यांच्यापुढे गट क्रमांक, वस्तीचे नाव, घरांची संख्या आणि अंतर लिहावे. शिवारफेरी हा त्यासाठी उत्तम मार्ग आहे. अधिकाऱ्यांनी ‘समांतर’ हा शब्द जपून वापरावा. दोन विभागांची कामे समांतर चालली आहेत, असे अहवालात लिहिले जाते, तेव्हा समांतर रेषा कधीही एकमेकींना मिळत नाहीत, हे भूमितीचे वचन एकदा आठवावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेचा असा गौरव ग्रंथांतून होतो, तसा तो रोजच्या कारभारातूनही व्हावयास हवा. शब्द जमिनीतून उगवतात आणि अर्थाच्या आभाळात पसरतात. पण त्यांची मुळे जमिनीतच असतात. ठरावातील प्रत्येक रेषा, पातळी आणि टोक एकदा तरी शिवारात जाऊन पाहिले, तर ते शब्द लाभार्थ्याच्या घरापर्यंत पोचतील.